सार्जंटची हनुवटी, अराबाचे गाल

सेकोंडीच्या पोलीस बँडमध्ये सार्जंट क्वामेना एजिरने दोन गोष्टी कधी चुकवल्या नाहीत. एक म्हणजे ट्रॉम्बोनचा रियाझ आणि दुसरी म्हणजे सकाळची दाढी. पहिल्या गोष्टीने त्याचं नाव झालं आणि दुसरीने हनुवटीची वाट लावली.

पोलिसाचा गाल सकाळच्या हजेरीला गुळगुळीत हवा, असा नियमच होता. पण क्वामेनाचे केस असे कुरळे, की पात्याने कापले की त्यांचं टोक वळून पुन्हा कातडीतच शिरायचं. तिथे फोड यायचा, फोड बसला की काळा डाग मागे राहायचा, आणि त्या डागावरून दुसऱ्या दिवशी पुन्हा पातं फिरायचं. असं करत करत हनुवटीपासून गळ्यापर्यंतची कातडी चिंचेच्या सालीसारखी खडबडीत होऊन बसली होती. त्याची पहिली बायको, बिचारी, देवाघरी जाईपर्यंत त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. मुलं मोठी होऊन कुमासीला गेली. मग त्या हनुवटीकडे बघायला घरात कोणी उरलंच नाही आणि क्वामेनानेही आरशात फक्त टोपी नीट आहे का तेवढंच बघायची सवय लावून घेतली.

मग अराबा ओचेरे आली. म्हणजे ती होतीच तिथे, एसिकाडूच्या वळणावर, मातीच्या घुमटासारख्या भट्टीसमोर. नवरा गेल्यापासून तिने ती भट्टी एकटीने चालवली होती आणि तिच्या लोण्याच्या पावाला आजूबाजूच्या गावांतून गिऱ्हाईक होतं. बँडचा सराव त्याच रस्त्याने व्हायचा. क्वामेना तिथे थांबून पाव घेऊ लागला. आधी एक, मग दोन, मग एकट्या माणसाला आठवडाभर संपणार नाहीत इतके. उरलेले सगळे बराकीत वाटले जायचे. शेवटी मोठा ढोल वाजवणारा एबो, त्याचा जुना दोस्त, तोंडातला घास गिळून म्हणाला, "लेका, पाव खाऊन जाडे आम्ही होतोय आणि लग्न तुझं होणार. लवकर उरकून टाक."

नाताळनंतर क्वामेनाचे दोन काका आणि एक आत्या रीतीप्रमाणे दारूच्या बाटल्या घेऊन अराबाच्या घरी दार ठोठावायला गेले, म्हणजे रीतसर मागणी घालायला. होकार मिळाला. ईस्टरनंतरचा शनिवार ठरला. सगळं छान झालं, पण परसात हात धुवायला गेलेल्या क्वामेनाच्या कानावर स्वयंपाकघरातलं एक वाक्य पडलं. अराबाची थोरली बहीण एकुआ म्हणत होती, "माणूस चांगला आहे गं. पेन्शन मिळेल, आवाज नाही. मान तेवढी मक्याची केंकी उकडायच्या पातेल्याच्या बुडासारखी आहे."

त्यावर अराबा हसली. एकुआचं बोलणं त्याने सोडून दिलं असतं, पण ते हसू घरापर्यंत त्याच्यासोबत आलं.

त्याने एबोला विश्वासात घेतलं. एबो दुसऱ्याच दिवशी ताकोराडीच्या बाजारातून एक बाटली घेऊन हजर झाला. वर कशाचंही नाव नव्हतं, फक्त दुधासारख्या गोऱ्या बाईचं चित्र होतं. आठवड्यात जुनी कातडी निघून नवी येते म्हणे. क्वामेना बाटलीकडे संशयाने बघत राहिला, तेव्हा एबोला दोस्तीचं भरतं आलं आणि त्याने स्वतःच्या डाव्या हातावर एक थेंब चोपडला. पहिल्या दिवशी आग झाली, दुसऱ्या दिवशी फोड आला, आणि फोड गेला तेव्हा हातावर डांबराचा ठिपका पडावा तसा डाग उरला. एबो बरेच दिवस एका हाताने ढोल वाजवत होता. "हनुवटीवर लावलं असतंस तर आगीतून फुफाट्यात गेला असतास," असं तोच वर क्वामेनाला सुनावून मोकळा झाला.

तेव्हा मात्र क्वामेनाने साधे कपडे घातले, टोपी डोळ्यांवर ओढली आणि ताकोराडीच्या एका कातडीच्या दवाखान्याचा जिना चढला. बाकांवर सगळ्या बायका होत्या. त्यांनी सरकून त्याला जागा दिली आणि त्यातल्या एका आजीबाईने, बायकोला आणायला आलात का, असं विचारलं. त्याने मान हलवली. हो की नाही, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

डॉक्टर राहिनातू उत्तरेकडची, तामालेची, वयाने त्याच्या मुलीएवढी. तिने भिंगातून त्याची हनुवटी बराच वेळ पाहिली. मग पाहायचं सोडून प्रश्नच विचारत बसली. दाढी कशाने करता, उलट्या बाजूने की सरळ, उन्हात किती उभे राहता, अ‍ॅस्पिरिनने कधी अंगावर पुरळ आलं होतं का. क्वामेनाला वाटलं, ही औषध देणार आहे की जबाब नोंदवते आहे. मग तिने शर्टाची बाही वर करायला सांगितली. खांद्यावर लहानपणच्या लशीची खूण होती, पण तिची गाठ होऊन ती बोटभर फुगली होती.

"हे बघा पापा," ती त्या गाठीवर बोट टेकवून म्हणाली, "तुमची कातडी रागीट आहे. तिला थोडं डिवचलं तर ती गाठ बांधते नाहीतर काळी पडते. तुम्हाला वाटत असेल, जेवढं जोरकस पील तेवढा फरक जास्त."

"तसंच वाटत होतं," क्वामेना म्हणाला. "मी पोलिसातला माणूस आहे. आग सोसेन."

"तुम्ही सोसाल. ती नाही सोसणार."

मग तिने त्याला समजेल असं सांगितलं. पील म्हणजे वरची कातडी सोलून काढणारं आम्ल, आणि ते एकाच प्रकारचं नसतं. काही आम्लं खोल जातात. ती आपल्यासारख्या काळ्या कातडीवर जपून वापरावी लागतात, नाहीतर जुन्या डागाच्या जागी नवा डाग येतो, कधी पांढरा चट्टाही पडतो. काही वरवरच काम करतात. कडू बदामाचं आहे, दुधाचं आहे, उसाचं आहे. त्याच्यासाठी तिच्या मनात सॅलिसिलिक आम्लाचं होतं, कारण ते तेलकट कातडीत केसाच्या मुळाशी उतरतं आणि अडकलेला केस मोकळा करतं. तेही हलकं, दर काही आठवड्यांनी एकदा, आणि चार-पाच वेळा.

आणि मग तिने असा प्रश्न विचारला, जो क्वामेनाला अजिबात अपेक्षित नव्हता. काम काय करता म्हणून. बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो, असं त्याने सांगितलं, तेव्हा तिने त्या वाद्याचं तोंड कुठे टेकतं ते त्याला हाताने दाखवायला लावलं. ओठांभोवती वाटीएवढी पितळी कडा दाबून धरावी लागते. सहा मार्चच्या स्वातंत्र्यदिनाच्या संचलनाला तर तासन्‌तास, तेही भर उन्हात.

"बघा, म्हणजे खोल पील तुम्हाला परवडणारच नव्हतं," ती म्हणाली. "ते लावलं असतं तर संचलनात तुम्ही टाळ्या वाजवत बसला असता. हलकं लावू. पाच-सहा दिवस फुंकायचं नाही, बस. पण एक अट आहे. पातं बंद. मशीनने अगदी बारीक केस ठेवून कापायचे. पातं चालू ठेवायचं असेल तर माझं औषध गटारात ओतल्यासारखं आहे."

नियम आडवा येत होता. पण डॉक्टरीणबाईंनी स्वतः बँडच्या साहेबांना फोन केला आणि साहेबांनी, त्यांचीही मान काही फार वेगळी नव्हती, तांदळाच्या दाण्याहून आखूड केस चालतील असा हुकूम दिला.

पहिलं पील झालं. मुंग्या चावाव्यात तशी थोडा वेळ आग झाली, हनुवटीवर मिठासारखी पांढरी भुकटी धरली, मग गार पाण्याचं फडकं फिरलं आणि संपलं. क्वामेनाला थोडं फसल्यासारखंच वाटलं. पण तिसऱ्या दिवशी कातडीचे पापुद्रे निघू लागले. त्यात हरमाटनचा कोरडा वारा सुटलेला. ओढायचे नाहीत, मलम लावायचं आणि सावलीत राहायचं, असं बजावलेलं होतं. आरशात तो कात टाकणाऱ्या सरड्यासारखा दिसत होता. अशा तोंडाने अराबासमोर जाणं शक्य नव्हतं. त्याने निरोप पाठवला की संचलनाचा सराव आहे, वेळ मिळत नाही.

आता गंमत अशी, की बँडचा सराव अराबाच्या दारावरूनच जायचा. तिने रोज पाहिलं. ढोल होता, बिगूल होते, एबो होता. ट्रॉम्बोनच तेवढा नव्हता. भरीला मासे विकणाऱ्या एका बाईने तिला सांगितलं की तुझा सार्जंट ताकोराडीत एका जिन्यावरून टोपी ओढून उतरताना दिसला, आणि त्या जिन्यावर सगळ्या बायकाच असतात.

रविवारी चर्चहून परतताना ती सरळ पोलीस क्वार्टर्समध्ये गेली. हातात पावाची पिशवी होती. क्वामेनाने दार उघडलं आणि तोंडावर टॉवेल धरला.

"सार्जंट," ती उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "मन बदललं असेल तर तोंडावर सांगा. मी काही रडत बसणार नाही, माझ्या भट्टीला वेळ नसतो. पण दार ठोठावायला काका आणि पळून जायला सराव, हे पोलिसाला शोभत नाही."

क्वामेनाने टॉवेल खाली घेतला. अराबा जवळ आली, उजेडाकडे तोंड वळवायला लावलं आणि पावाचा रंग बघावा तशी हनुवटी निरखली. मग त्याने सगळं सांगितलं. एबोची बाटली, डॉक्टर, खांद्याची गाठ. आणि शेवटी, आवाज खाली आणून, स्वयंपाकघरातलं ते वाक्य.

"एकुआ बोलली त्याचं काही नाही. पण तू हसलीस."

अराबाने पिशवी टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसली. "हसले, कारण दुसऱ्याच्या मानेबद्दल एकुआने बोलावं. तिच्या नवऱ्याला मान आहे का? डोकं थेट खांद्यांवर ठेवलंय. तिच्या लग्नात टाय बांधायला तिघं लागले होते."

क्वामेना एवढा हसला की पापुद्रे ताणले जाऊन हनुवटी चुरचुरली. अराबा हसली नाही. ती आपल्या गालांवर बोटं फिरवत होती. तिच्या दोन्ही गालांवर आणि कपाळावर तपकिरी-काळे ढग धरले होते. रोज भट्टीच्या तोंडाशी वाकून वाकून ते आले होते आणि ते झाकायला ती जाड पावडर लावायची, हे त्याने पाहिलं होतं. पण तिलाही ते खुपत असेल, असं त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. ती फक्त एवढंच म्हणाली की पुढच्या खेपेला मीही येते.

दोघं गेली. त्याचं दुसरं पील झालं, आणि डॉक्टरने हनुवटीकडे बघून मान डोलावली. मग अराबा खुर्चीत बसली आणि म्हणाली, यांना लावलं तेच मला लावा, माझी कातडी यांच्यापेक्षा नाजूक नाही. रंग तर एकच आहे. डॉक्टर राहिनातूने तिलाही प्रश्न विचारले. तोंडाला काय लावता. बाजारातलं क्रीम, उजळपणाचं. किती वर्षं. बरीच. मग भट्टीबद्दल विचारलं. किती वेळ, किती जवळ, मध्ये आडोसा आहे का.

"मावशी, तुम्हाला आज काहीच लावणार नाही," डॉक्टर शेवटी म्हणाली.

अराबाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"त्यांचे डाग फोडांचे आहेत, तुमचे उष्णतेचे. रंग एक असला म्हणून दुखणं एक नसतं. आज पील केलं आणि उद्या भट्टीसमोर उभ्या राहिलात तर आत्ता आहे त्याच्या दुप्पट काळं होईल, आणि शिव्या मला द्याल. ते क्रीम आधी हळूहळू बंद करा, मी सांगते तसं. ऊन अडवायचं मलम रोज लावा. त्यानंतर दुधाच्या आम्लाचं, अगदी सौम्य पील करता येईल. पण ज्या वेळी कराल, त्याच्या थोडं आधी आणि नंतर आठवडाभर भट्टीपासून लांब राहिलं पाहिजे. जमेल तेव्हा या."

"भट्टी विझवून घरी बसू?" अराबाने विचारलं. "नवऱ्याच्या मयतीच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा मी पाव काढले होते."

डॉक्टर म्हणाली, म्हणूनच घाई नाही.

परतीच्या गाडीत अराबा खिडकीकडे तोंड करून बसली. शेजारी कोंबड्यांची टोपली घेऊन बसलेल्या बाईला तिने, न विचारता, सांगितलं की हल्लीच्या डॉक्टरांना गणवेश दिसला की औषध आठवतं आणि कामकरी बाई दिसली की उपदेश. क्वामेनाच्या नुकत्याच धुतलेल्या हनुवटीवर वारा लागत होता. स्वतःला हवं ते मिळालं आणि तिला मिळालं नाही, हे त्याला फार अवघड वाटत होतं. एसिकाडूचं वळण आलं तेव्हा तो म्हणाला, "माझी हनुवटी आठवड्यात बरी होते. तेवढा वेळ तू भट्टी बघतेसच. पुढच्या वेळी तुझं पील कर. भट्टीवर मी उभा राहीन. रजा शिल्लक आहे."

अराबाने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला पाव खाता येतो, सार्जंट. भाजता येत नाही."

"कोणी शिकवलं तर येईल."

तिने आधी क्रीम सोडलं. पहिले आठवडे चेहरा आणखीच काळवंडलेला दिसला आणि ती डॉक्टरच्या नावाने बोटं मोडत राहिली, पण मलम लावायचं तिने सोडलं नाही. त्या काळात क्वामेना संध्याकाळी येऊन पीठ मळायला शिकला. संचलन पार पडलं. तो भर उन्हात वाजवत गेला आणि लोकांच्या गर्दीत अराबा, डॉक्टरने घालायला सांगितलेल्या, विणलेल्या पानांच्या मोठ्या टोपीखाली उभी होती. मग तिच्या पीलचा दिवस आला. दवाखान्यातून ती परत आली ती थेट घरात, आणि क्वामेनाने बाह्या सरसावल्या.

पहिला घाणा करपला. साफ करपला. भट्टीतली राख काढून ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं तो विसरला होता. दुसरा घाणा आतून कच्चा राहिला. एसिकाडूच्या बायका नुसत्या बघायला येऊ लागल्या, पोलीस पाव भाजतोय म्हणून. एकुआही आली, स्टूल टाकून बसली आणि होणाऱ्या मेहुण्याला सल्ले देत राहिली. आपल्या बहिणीची गिऱ्हाइकं तुटतील म्हणून ती करपलेल्या पावांचा वरचा भाग चाकूने खरवडून, चहात बुडवायला उत्तम, असं ओरडून विकतही होती. आणि ते विकलेही गेले.

अराबा आत, दाराच्या फटीपाशी, मलम लावून बसली होती. तिला बाहेर यायची बंदी होती, तोंडाला नव्हती. लाकूड मागे सारा. झाकण लावा. आता नका उघडू. नका उघडू म्हटलं ना. पण लांब दांड्याचं फावडं आत सरकवून पावाखालून अलगद बाहेर ओढायचं काम मात्र क्वामेनाला पहिल्यापासून जमलं. त्याचा सगळा जन्म ट्रॉम्बोनची नळी पुढे-मागे सरकवण्यात गेला होता. हाताला अंतर कळत होतं. तिसऱ्या दिवशी तो फावडं सरकवताना बँडची धून गुणगुणू लागला आणि पाव एका रंगाचे, सोन्यासारखे बाहेर यायला लागले. अराबाचं ओरडणं कमी होत गेलं. चौथ्या दिवशी तर बराच वेळ आतून काही आवाजच आला नाही, म्हणून त्याने डोकावून पाहिलं. ती खुर्चीत मान टाकून झोपली होती. दिवसाढवळ्या, भट्टी पेटलेली असताना. कित्येक वर्षांत अशी झोप तिला मिळाली नसावी. त्याने एकुआला हळू बोल म्हणून खुणावलं. आश्चर्य म्हणजे एकुआनेही ऐकलं.

त्यानंतर त्यांची पाळीच पडून गेली. एकदा त्याची हनुवटी, एकदा तिचे गाल. ज्याच्या तोंडाला औषध, तो सावलीत. डॉक्टर राहिनातू म्हणाली, असं वेळापत्रक मी आजवर कोणाला दिलं नव्हतं.

ईस्टरनंतरचा शनिवार आला तेव्हा दोघांचंही काम अर्धंच झालं होतं. क्वामेनाची हनुवटी मऊ झाली होती, पण गळ्याखाली दोन-चार खडे अजून हाताला लागत. अराबाच्या कपाळावरचा ढग विरला होता, गालांवरचे फिकट होऊन राहिले होते. चर्चमध्ये तिने पावडर लावली, ती नेहमीपेक्षा निम्मी. बँडने अंगणात वाजवलं, एबोने दोन्ही हातांनी ढोल बडवला, आणि लोकांनी नवरदेवाच्या हातात ट्रॉम्बोन कोंबला. डॉक्टरने त्या आठवड्यात कोणतंही पील ठेवलेलं नव्हतं, म्हणून त्याने मनसोक्त फुंकला. अराबा नाचली. एकुआचा नवराही नाचला, पण त्याचा टाय आधीच सुटला होता.

दुपार कलली तसे पाहुणे पांगले. रविवारी भट्टी बंद असायची, पण सोमवारी शाळा उघडणार होत्या, आणि शाळा उघडतात त्या दिवशी पाव दुप्पट लागतात. अराबाने लग्नाचा झगा उतरवून ठेवला, जुनं कापड कमरेला गुंडाळलं आणि पिठाचं पोतं किती भरलंय ते बघायला गेली. क्वामेना मागच्या बाजूला भट्टीसमोर उभा होता. तिथे आडवी भिंत बांधली तर उष्णता तोंडावर येणार नाही, फक्त फावडं जाईल एवढी फट ठेवायची, असं तो हाताने मोजत होता.

"फट थोडी खाली ठेवा," ती आतूनच म्हणाली. "मी काही तुमच्याइतकी उंच नाही."

त्याने विटेचा तुकडा उचलला आणि मातीवर खूण केली, तिने सांगितली तिथे.